पेटी ग्रामपंचायतीत, शाळा पोडावर, मधात तीन किलोमीटर साग : नेट न्यावं कसं?

घाटंजी_सदस्य (प्रश्न)

आमची गट ग्रामपंचायत, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ. मुख्य गावात कार्यालयात भारतनेटची (ग्रामपंचायतींपर्यंत फायबरनं नेट आणणारी केंद्राची योजना) पेटी आहे. भिंतीवर रॅक, त्यात ओएनटी (फायबरचा प्रकाश घेऊन नेट देणारं यंत्र), खाली बॅटरी. ओएनटीवर पॉवरचा दिवा हिरवा, पॉनचा बंद, लॉसचा लाल लुकलुकतो. बॅटरी फुगली आहे.

गटातलं कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती) सरळ रेषेत ३.१ किलोमीटर. तिथं जि.प.ची चौथीपर्यंत शाळा, अंगणवाडी, पन्नासेक घरं. मोबाईलची रेंज फक्त शाळेमागच्या बरडीवर (खडकाळ टेकाडावर). रेशनचं ई-पॉस मशीन घेऊन दुकानदार बरडीवर चढतो, अंगठा लावायला म्हाताऱ्या बायाही त्याच्या मागं चढतात. धान्य खाली, अंगठा वर. हे थांबलं पाहिजे.

विचारायचं ते असं. लाल दिव्याचं आपल्याला काय तपासता येतं? पोडापर्यंत वायर न्यावी की वायरलेस? दिवसातून सहा-आठ तास लाईन (वीज) नसते, त्याची सोय काय? आणि ग्रामपंचायतीनं हे नेट लोकांना देणं कायद्यात बसतं का?

---

स्प्लायसिंगवाला

सदस्यभाऊ, आधी लाल दिवा. लॉस लाल म्हणजे ओएनटीपर्यंत काचेतून प्रकाश येत नाही, किंवा इतका कमी येतो की त्याला वाचता येत नाही. पॉन लुकलुकत असता तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही, असा अर्थ निघाला असता. तुमच्याकडे मामला प्रकाशाचाच आहे.

पहिलं काम पॉवर मीटरनं प्रकाश मोजायचा. तालुक्याच्या कोणत्याही केबल ऑपरेटरकडे हे छोटं मीटर असतं. तरंगलांबी १४९० नॅनोमीटरवर ठेवा, ओएनटीचा पॅचकॉर्ड (यंत्रात खोचलेली फायबरची छोटी दोरी) काढून मीटरला लावा. आकडा उणे डीबीएममध्ये येईल. जीपॉनच्या (ही पेटी ज्या फायबर पद्धतीवर चालते तिच्या) बी-प्लस वर्गात ओएनटी उणे २७ पर्यंत वाचतो. आपण मात्र उणे २४ च्या आत असलं पाहिजे, कारण उन्हाळा-पावसाळ्यात दोन-तीन डीबी इकडंतिकडं होतात.

तुमच्याकडे किती यायला हवं, त्याचा हिशोब कागदावर करा. समजा एक्सचेंजमधल्या ओएलटीतून (तिकडून प्रकाश सोडणाऱ्या यंत्रातून) अधिक ३ डीबीएम निघतात. केबल १४ किलोमीटर, १४९० ला दर किलोमीटरला सुमारे ०.२५ डीबी, म्हणजे ३.५. वाटेत १:१६ चं स्प्लिटिंग, म्हणजे एका फायबरचा प्रकाश सोळांत वाटलेला, असेल तर १४. दहा जॉइंट, प्रत्येकी ०.१ धरला तर १. चार कनेक्टर, प्रत्येकी अर्धा, म्हणजे २. एकूण २०.५. अधिक ३ मधून वजा केले की उणे १७.५. मीटर उणे २८ दाखवत असेल तर दहा डीबी वाटेत कुठंतरी सांडतात, म्हणजे दहातला एकच भाग प्रकाश पोचतोय. आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर बहुतेक केबल तुटली आहे.

मोजल्यावर, कोणालाही बोलावण्याआधी, कनेक्टर पुसा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं टिश्यू. गमछ्यानं किंवा शर्टाच्या टोकानं नाही, त्यानं टोकावर ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात. दोन्ही बाजू पुसायच्या, पॅचकॉर्डचं टोक आणि अ‍ॅडॉप्टरच्या आतलंही. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, बंद पेटीतही शिरते.

कनेक्टरचा रंगही बघा. हिरवा एपीसी, त्याचं टोक आठ अंशांत तिरपं घासलेलं. निळा यूपीसी. हिरव्यात निळा खोचला तर बसतो, पण मधात फट राहते आणि तीन-चार डीबी जातात. कोणीतरी पॅचकॉर्ड बदलताना 'बसला ना' म्हणून लावून जातो आणि पेटी त्या दिवसापासून बंद.

तिसरी गोष्ट वाकण. रॅकचं दार लावताना पॅचकॉर्ड चेंगरतो. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नका. गुंडाळी बांगडीएवढी ठेवा, अंगठीएवढी नको.

आणि एक, जे लोक सर्रास करतात : सुरू लाईनच्या टोकात डोळा घालून बघू नका. १४९० चा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

एवढं करूनही सुधारणा नसेल तर ओटीडीआर (फायबरमध्ये पल्स सोडून किती अंतरावर लॉस आहे ते दाखवणारं यंत्र) लागेल, आणि ते एजन्सीचं काम. त्यांना सांगा की तुमच्या टोकाकडून १६२५ किंवा १६५० वर मोजा. सुरू जाळ्यात १३१० ची पल्स सोडली तर त्याच स्प्लिटरवरच्या इतर ग्रामपंचायती बंद पडतात. मग नसता गोंधळ होतो आणि तपासणी अर्धवट राहते.

---

वीज_आणि_अर्थिंग

फुगलेली बॅटरी आजच काढा. तिला चार्जर लावून ठेवू नका.

आमच्याकडे ओएनटी मरतात ते नेटच्या बिघाडानं कमी, विजेनं जास्त. पेटीत सगळी यंत्रं १२ व्होल्टची, आणि तरी लोक २३० चा इन्व्हर्टर लावतात. इन्व्हर्टर रिकामा चालतानाच दहा-वीस वॅट खातो, म्हणजे जवळपास ओएनटी खातो तेवढं. १२ व्होल्टचा डीसी यूपीएस लावा, इन्व्हर्टर मधातून काढा.

हिशोब : ओएनटी १२ वॅट, वाय-फायचं यंत्र १०, बाहेरचा रेडिओ ८. एकूण ३०. आठ तास लाईन नसली तर २४० वॅट-तास. लिथियम फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ४० एएचची बॅटरी म्हणजे ५१२ वॅट-तास, त्यातले ८० टक्के वापरले तर ४१०. तेरा तासांची सोय झाली. ग्रामपंचायतीत दिवसाला पंधरा-सोळा तास लाईन असेल तर सौर पॅनेलचा खर्च तिथं करूच नका, तो पैसा अर्थिंगला लावा. शिसं-आम्लाची बॅटरी घेऊ नका असं मी म्हणतो, कारण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ५० च्या वर जातं. लिथियमलाही ४५ च्या वर चार्जिंग सोसत नाही. म्हणून बॅटरी पेटीतून काढून खोलीतल्या फरशीवर, उत्तरेच्या भिंतीला ठेवा.

आता अर्थिंग. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग मोजलं तर उत्तम येतं, कारण माती ओली. एप्रिलमध्ये तीच माती आकसते, भेगा पडतात, पाईपच्या भोवती बोट जाईल एवढी फट होते. पाईप जमिनीत उभा आहे पण मातीला टेकतच नाही. वळवाचा पाऊस आणि विजा नेमक्या त्याच वेळी येतात. म्हणून मोजणी मे महिन्यात करा. ३ मीटरचा जीआय पाईप किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती बेंटोनाईट (ओल धरून ठेवणारी माती). मीठ-कोळसा चालतो पण मीठ दरवर्षी वाहून जातं आणि पाईप खातं. वर झाकणाचा खड्डा ठेवा, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. ५ ओहमच्या खाली आलं पाहिजे. एका रॉडनं येत नसेल तर ३ मीटर सोडून दुसरा ठोका आणि दोन्ही तांब्याच्या पट्टीनं जोडा.

रॅक, सर्ज प्रोटेक्टर, डांब, सगळं एकाच अर्थिंगला. रॅकला एक आणि डांबाला वेगळं केलं तर वीज पडल्यावर दोन्हींत व्होल्टेजचा फरक तयार होतो, आणि तो फरक नेटवर्क केबलमधून वाट काढतो. पोर्ट जळतं ते असं.

फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण केबलला स्टीलचं कवच किंवा मधात स्टीलची तार असेल तर तीमधून येते. ती तार रॅकच्या आधीच अर्थ करा.

---

धारणी_वायरलेस

३.१ किलोमीटर म्हणजे रेडिओसाठी काहीच नाही, अडचण सागाची आहे.

सागाचं काय होतं ते आधी सांगतो, कारण मेळघाटात आणि तुमच्याकडे हीच चूक होते. फेब्रुवारीनंतर साग पानं टाकतो. मार्च-एप्रिलमध्ये सर्व्हेला माणूस येतो, त्याला फांद्यांमधून पोड दिसतं, रेडिओ लावला की सिग्नल छान येतो, फोटो काढून तो जातो. जूनच्या पावसानंतर सागाला पानं फुटतात. एक पान दोन हातांत मावत नाही एवढं, वरून ओलं. जुलैत लिंक मेली. मग लोक म्हणतात 'पावसानं नेट जातं'. साडेपाच-सहा गिगाहर्ट्झला तीन किलोमीटरवर पाऊस जवळपास काही करत नाही. ओली पानं करतात. सर्व्हे ऑगस्टमध्ये करा.

मोकळी रेषा म्हणजे नुसती नजर जाणं नव्हे. दोन्ही टोकांच्या मधात रेडिओला लांबट फुग्यासारखी जागा लागते. ३.१ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर त्याची त्रिज्या ६.३ मीटर येते. त्यातला किमान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या खाली ३.८ मीटर, मोकळा हवा. साग १८ मीटर असेल तर रेषा मध्यावर २२ मीटरवरून गेली पाहिजे, आणि झाड दरवर्षी वाढतं तेही धरा. ग्रामपंचायतीचा स्लॅब ४ मीटर, वर ९ मीटरचा डांब, १३ झाले. शाळेवर तेवढाच उभा केला तरी पुरत नाही.

म्हणून शाळेवर लावूच नका. तुम्ही लिहिलेली बरडी वापरा. तिथं मोबाईलची रेंज येते म्हणजे ती झाडांच्या वर आहे. ग्रामपंचायत ते बरडी एक लिंक, बरडी ते शाळा दुसरी छोटी लिंक. दुसरीचं अंतर २००-३०० मीटर असणार, तिथं नेटवर्क केबल टाकायचा मोह होईल, पण ती १०० मीटरच्या पुढं चालत नाही.

५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला २०१८ पासून परवाना लागत नाही, अँटेनासकट ४ वॅट म्हणजे ३६ डीबीएम ईआयआरपीची (हवेत सोडलेल्या ताकदीची) मर्यादा आहे. रेडिओत देश भारत निवडा, तो स्वतः मर्यादा पाळतो. २३ डीबीआय गेनची (सिग्नल एकवटण्याची क्षमता) डिश घेतली तर गणित असं : हवेतला लॉस ११७.५ डीबी, ३६ वजा ११७.५ अधिक २३, म्हणजे उणे ५८.५. प्रत्यक्षात उणे ६२ पर्यंत मिळालं तर समाधान माना. उणे ७० आलं तर डिश चुकीच्या दिशेला आहे, किंवा बाजूच्या कडेच्या किरणावर जुळली आहे. एका टोकाचा माणूस अर्ध्या-अर्ध्या अंशानं फिरवेल, दुसरा हलणार नाही, मग उलट. दोघांनी एकाच वेळी फिरवली तर दिवस जातो. चॅनल २० मेगाहर्ट्झचा ठेवा. शाळा-अंगणवाडी-रेशनला तेवढं भरपूर आणि लिंक टिकते.

बरडीवर लाईन नसेल, सौरच. दोन रेडिओ मिळून १६ वॅट, दिवसाला ३८४ वॅट-तास. ऑगस्टमध्ये तीन तासांचं खरं ऊन धरा, ३० टक्के नुकसान धरा, १८३ वॅट येतात. २५० वॅटचं पॅनेल लावा. तीन दिवस ढग राहिले तर ११५२ वॅट-तास लागतील, त्यासाठी १२.८ व्होल्टची १२० एएच बॅटरी. पॅनेल दक्षिणेकडे, सुमारे २० अंशांत.

डांब ५० मिलिमीटर जीआय पाईपचा, दोन उंच्यांवर तारेचे तीन-तीन ताण, एकमेकांपासून १२० अंशांत. पाईप वाऱ्यानं फिरला तर डिशची दिशा जाते. केबल पूर्ण तांब्याचीच घ्या, तांबं चढवलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची नको, रेडिओला पुरेशी वीज पोचत नाही आणि तो रात्री उगाच बंद-सुरू होत राहतो. काळं बाहेरचं आवरण हवं, पांढरं आपल्या उन्हात दोन वर्षांत तडकतं. केबल यंत्रात जाण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ चा अडॉप्टर लावू नका, दिसायला दोन्ही सारखेच असतात. आणि माकडं. केबल लोंबती ठेवली तर ती धरून झुलतात. दर ३० सेंटीमीटरला पट्टी.

वायर न्यायची असेल तर महावितरणच्या खांबांवरून एडीएसएस फायबर, म्हणजे स्वतःचा भार पेलणारी टांगती केबल, त्यात धातू नसतो. परवानगी लागते. रस्ता ओलांडताना ६ मीटर उंची सोडा, कापसाच्या आणि कुटाराच्या गाड्या त्याखालून जातात. दहा वर्षांचा विचार असेल तर हीच वाट, पण शाळेला लवकर नेट पाहिजे असेल तर बरडी.

---

पंचायत_कागदपत्रं

कायद्याचं आणि कागदाचं थोडक्यात.

२०११ मध्ये नोफन (नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क) म्हणून मंजूर झालेल्या योजनेचं २०१५ मध्ये भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात ब्लॉकपासून ग्रामपंचायतीपर्यंत एक सरळ केबल होती, ती एका जागी तुटली की पुढचं सगळं बंद. ऑगस्ट २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात ही रचना रिंगची होणार आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं येईल. तुमची ग्रामपंचायत त्या यादीत कधी येते ते गट विकास अधिकाऱ्यांमार्फत लेखी विचारा, कारण रिंगची केबल पोडावरून नेता येईल का हे आखणीच्या आधी सुचवायचं असतं, नंतर नाही.

ओएनटी तुमच्या कार्यालयात असला तरी मालमत्ता तुमची नाही. पॅचकॉर्ड पुसणं ठीक, यंत्र उघडू नका. तक्रार केली की क्रमांक घ्या आणि नोंदवहीत तारीख, दिव्यांची स्थिती, मीटरचा आकडा लिहा. 'नेट बंद आहे' या तक्रारीवर कोणी धावत येत नाही. '१४९० वर उणे २८, कनेक्टर साफ केले' असं लिहिलं की समोरच्याला ओटीडीआर घेऊनच यावं लागतं.

घरोघरी कनेक्शन विकायला इंटरनेट सेवेचा परवाना लागतो, ग्रामपंचायतीला ते झेपणार नाही. सोपा मार्ग पीएम-वाणी, ही सार्वजनिक वाय-फायची केंद्राची योजना, डिसेंबर २०२० पासून. त्यात वाय-फाय देणाऱ्या पीडीओला (पब्लिक डेटा ऑफिस) परवाना नाही, शुल्क नाही, फक्त अनेक पीडीओंना एकत्र चालवणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत अ‍ॅग्रिगेटरशी करार. जून २०२५ च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक) आदेशानं पीडीओला २०० एमबीपीएसपर्यंतचं फायबर कनेक्शन घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दरात द्यावं लागतं, हे कंपनीच्या माणसाला दाखवा. पोडावरच्या बचत गटाला पीडीओ करता येईल.

बरडी वनजमिनीत असेल तर घाबरू नका. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान यांच्यासोबत वीज आणि दूरसंचाराच्या लाईनही आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. ग्रामसभा पोडाचीच भरवा. गावात बसून पोडाचा ठराव करू नका, तो टिकत नाही आणि टिकूही नये.

शेवटचं : पाण्याची पाईपलाईन, रस्त्याची साईडपट्टी, काहीही खोदायच्या आधी ठेकेदाराला कॉल बिफोर यू डिग अ‍ॅपवर नोंद करायला लावा. मार्च २०२३ पासून आहे. खोदकामाच्या परवानगीतच ही अट टाका.

---

घाटंजी_सदस्य

मोजलं. सुरुवातीला उणे २९.६. ओएनटीच्या बाजूला निळा कनेक्टर निघाला, तो बदलला, दोन्ही बाजू पुसल्या, उणे २५.२ झालं. लॉस विझला, पॉन हिरवा स्थिर. तरी हिशोबापेक्षा सात-आठ डीबी कमीच आहेत. एजन्सीचा माणूस ओटीडीआर लावून गेला. आमच्याकडून २,८४० मीटरवर एका जागी ५.८ डीबीचा लॉस दिसतो. मोजपट्टीनं तिथं नुसतं वावर आहे, चेंबर (केबलच्या जॉइंटचा खड्डा) नाही. खोदायचं का?

---

स्प्लायसिंगवाला

तिथं खोदू नका. ओटीडीआर काचेची लांबी सांगतं, जमिनीची नाही. केबलच्या आत फायबर थोडं नागमोडी असतं, साधारण एक टक्का जास्त, म्हणजे २८ मीटर. शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये जॉइंटसाठी १५-२० मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं. मधात दोन चेंबर असतील तर ३०-४० मीटर तेही गेले. जागा तुमच्या मोजणीच्या साठ-सत्तर मीटर अलीकडे, गावाच्या बाजूला शोधा. पांदण ओलांडते किंवा नाल्यावर रपटा आहे अशी जागा असेल तर तिथंच जॉइंट आहे.

५.८ एकाच ठिकाणी म्हणजे केबल तुटलेली नाही. एजन्सीच्या माणसाला १५५० वर आणि १३१० वर वेगवेगळं मोजायला सांगा, त्या वेळी लाईन ओएलटीकडून सोडवून. १५५० ला लॉस बराच जास्त आणि १३१० ला कमी आला तर ट्रेमध्ये फायबर चेंगरलं आहे, क्लोजर (जॉइंटची बंद डबी) उघडून गुंडाळी नीट लावली की झालं. दोन्हींना सारखा आला तर स्प्लायस (फायबर वितळवून केलेला जोड) खराब आहे, कापून पुन्हा करावं लागेल.

क्लोजर उघडल्यावर तळाशी पाणी किंवा गाळ दिसला तर नुसतं पुसून बंद करू नका, सीलची रबरी पट्टी नवीन टाका. एका दमात सगळे चोवीस फायबर तपासून घ्या, फक्त तुमचा एक नाही. स्प्लायस ०.१ च्या वर आला तर पुन्हा करायला लावा. क्लोजर परत ठेवताना चेंबरच्या तळात नाही, भिंतीच्या कड्यावर टांगा, आणि वर सिमेंटचा खुणेचा दगड. वावरवाल्याला ती जागा दाखवून ठेवा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा फाळ धुऱ्यावरून वळताना तो तेवढी जागा सोडेल.

उणे १९-२० आलं की इथं आकडा टाका, मग बरडीच्या लिंकचं सामान घ्या. त्याच्या आधी नको.